अंथरुणाला खिळलेली बाई

“‘अर्जदार तारखेला अंथरुणाला खिळली होती, हे मी, तिचा वकील, शपथेवर सांगतो.’” वाचता वाचता न्यायाधीशांचा आवाज चढला. “अशिलाच्या दुखण्याची शपथ तुम्ही कशी घेता? तिचं प्रतिज्ञापत्र कुठे आहे? अर्ज नामंजूर!”

मागच्या बाकावरच्या सुंदराबाई ताडकन उठल्या. ‘मी आल्याशिवाय आत जायचं नाही,’ असं वकिलानेच बजावलं होतं, म्हणून सुनावणीच्या तारखेला त्या दिवसभर दाराबाहेर बसून राहिल्या. तो फिरकलाच नाही, आणि त्यांचा घराचा दावा गैरहजेरीमुळे निकाली निघाला. तो पुन्हा चालवायचा अर्जही आता गेला.

व्हरांड्यात त्यांनी त्याला गाठलं. “मी कधी खिळले रे अंथरुणाला?”

“तसं लिहावं लागतं, मावशी. तुम्हाला कशाला त्रास, म्हणून सहीही मीच केली. आता अपील करू.” त्याने कोरं वकीलपत्र पुढे केलं.

ते टराटरा फाडून सुंदराबाई तडक फाटकाजवळच्या टायपिस्टपुढे जाऊन बसल्या. “तक्रार लिहायचीय. सही मी करणार.”

“वकिलाचं नाव?” त्याने सवयीने विचारलं.

नाव सांगून त्या म्हणाल्या, “सामनेवाल्याच्या जागी घाला.”