घड्याळवाल्या आजोबांची सही

माणूस मर्त्य आहे, नोंदणी मात्र अमर आहे. हे परमज्ञान आमच्या शिलाईवाल्या काकूंना पालिकेच्या परवाना कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीवर झालं, तेही कारकुनाचा चहा संपल्यावर.

कारखान्यातली नोकरी सोडून, परतीचे दोर कापूनच काकूंनी शिलाईच्या दुकानासाठी गाळा घेतला होता. पण त्या गाळ्यावर अजून आधीच्या घड्याळवाल्या आजोबांच्या दुकानाची नोंदणी होती.

"ती रद्द झाल्याशिवाय तुम्हाला परवाना नाही. अर्जावर त्यांची सही आणा," कारकून म्हणाला.

"अहो भाऊ, त्यांना जाऊन चार वर्षं झाली!"

"काकू, नियम काय मी केलेत?"

रडवेल्या काकूंनी अर्ज गाळ्यातल्या टेबलावर टाकला, कुलूप लावलं आणि त्या घरी जेवायला गेल्या. परत येऊन कुलूप उघडलं, तर अर्जावर सही होती. शाई अजून ओली होती.

काकू अर्ज घेऊन खिडकीवर पोहोचल्या. कारकुनाने जुनी फाईल काढून सही ताडून पाहिली. वळण तंतोतंत तेच. त्याला दरदरून घाम फुटला.

 

मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "सही जुळतेय, काकू. आता त्यांचे दोन फोटो तेवढे आणा. सहा महिन्यांच्या आतले."