खालचा पिवळा

गाडीवरची कंपनीची चिन्हं काढायला ताकद नाही, सबुरी लागते. हेअर ड्रायरने गोंद नरम करायचा आणि चिन्हामागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढत न्यायचा. पेचकस खुपसणाऱ्या धसमुसळ्यांना मी माझ्या गॅरेजात उभंसुद्धा करत नाही.

आजचं गिऱ्हाईक अनोळखी होतं आणि गाडी नुकतीच रंगवलेली, पांढरीशुभ्र. "सगळी चिन्हं काढा. ओरखडा मात्र नको," एवढंच बोलून तो माणूस मागे स्टुलावर बसला.

डिकीवरचं चिन्ह अलगद हातात आलं आणि खाली पिवळाधमक रंग दिसला. आळशी रंगाऱ्याने चिन्ह न काढताच, वर पट्टी चिकटवून भोवतीने पांढरा मारला होता.

तो पिवळा मी झोपेतही ओळखला असता. भावोजींच्या हट्टापायी मीच तीन डबे कालवून तो बनवला होता. तसल्या रंगाची दुसरी गाडी नव्हती. गेल्या वर्षी भांडण करून ते याच गाडीतून निघून गेले, असं ताईने रडत रडत सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचा पत्ता नाही.

मी फोन काढला आणि ताईचा नंबर शोधला.

तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला, "ताईंना लावताय? अहो, त्यांनीच तर पाठवलंय मला. म्हणाल्या, आमच्या भावाने हात लावला की मागमूस राहत नाही."