खाली शीळ घालायची नाही

भिंतीपलीकडे पावलं वाजली आणि जोरी नॅनकॅरोने हातातला दगड जोराने खडकावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा.

पावलं थांबली. त्याच्या जिवात जीव आला. काल दरड कोसळल्यापासून तो खाणीतल्या या बिळात एकटा होता. टोपीवरची मेणबत्ती केव्हाच विझली होती. ओरडून ओरडून आवाज बसला होता आणि घशात धुळीचा लगदा झाला होता. पण आता माणसं आली होती. थोडी कळ काढायची, की टिकाव वाजायला लागणार.

"ऐकलंत काका?" दगडांच्या फटीतून किट्टोचा आवाज आला.

"ऐकलं. हलू नकोस." हे हॅनिबलकाका. कथलाच्या त्या खाणीतला सगळ्यांत जुना माणूस. "ठकठके आहेत. काल आपला जोरी दरडीखाली मेला ना, चटक लागलीय मेल्यांना."

'मेलो नाही, मी आहे,' असं जोरी ओरडायला गेला. घशातून नुसती घरघर निघाली.

"अगं आई गं! काका, घुरघुरतंय ते!"

"म्हणून तर म्हणतो, ठेव त्यांच्यासाठी डब्यातल्या पेस्टीचा तुकडा आणि चल माघारी. ठकठक झाली तिथे थांबायचं नसतं. पुढची दरड तुझ्या टाळक्यात पडेल."

जोरीला त्यांचा राग येईना. त्यांच्या जागी तो असता, तर सगळ्यांत आधी त्यानेच पळ काढला असता. वर, उजेडात, तो इंग्लंडातल्या कॉर्नवॉल परगण्यात नावाजलेला कुस्तीगीर होता. तिकडच्या कुस्तीत घालतात ते जाडंभरडं जाकीट चढवून तो मैदानात उतरला की समोरच्याची आई देवाचा धावा करायची. पण खाली आल्यावर तोच जोरी ठकठक्यांना, खडकात राहणाऱ्या त्या बुटक्या भुतांना, चळचळा कापायचा. गेल्या हिवाळ्यात उत्तरेच्या बोगद्यात ठकठक सुरू झाली, तेव्हा बाकीच्यांनी पेस्टीच्या, म्हणजे त्या मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीच्या, कडा तोडून ठेवल्या होत्या. याने अख्खी पेस्टी ठेवली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. दोन दिवसांनी ठकठक आपोआप थांबली. "जोरीचा नैवेद्य पावला!" लोक म्हणाले. त्या नावावर त्याला गुत्त्यात कितीतरी दिवस फुकट बिअर मिळाली.

पावलं दूर जाऊ लागली. त्याने पुन्हा दगड आपटला. पावलं आणखी भरभर पडू लागली.

आता मात्र त्याला दरदरून घाम फुटला. हे गेले की पुन्हा कुणी इकडे फिरकणार नाही. वर आई बसली असेल. पास्कोला, त्याच्या धाकट्या भावाला, याच खाणीने नेलं होतं. त्याचं प्रेतसुद्धा हाती लागलं नव्हतं. आता थोरलाही गेला म्हणून तिला कुणीतरी सांगितलंही असेल. आणि तिचा थोरला इथे जिवंत होता, धडधाकट होता, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्याचीच माणसं पळत होती.

ठोकायचं नाही. मग काय करायचं?

एकच गोष्ट उरली होती, आणि ती मनात येताच त्याच्या अंगावर काटा आला. शीळ. खाणीत शीळ घालायची नाही. ठकठक्यांना ती सहन होत नाही, ते चवताळतात आणि छत खाली आणतात. लहानपणी एकदा त्याने खाली नुसता ओठांचा चंबू केला होता, तर बापाने फाडकन मुस्काटात भडकावली होती. मागे काळोखात पाणी ठिबकत होतं. ठिबकण्यामागे कुणीतरी श्वास घेतंय, असं त्याला कालपासून वाटत होतं. आता तर त्याची खात्रीच झाली.

त्याने ओल्या खडकाला जीभ लावली. ओठ ओले केले. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा शीळ फुटली, बारीक आणि थरथरती. रविवारी प्रार्थनाघरात सगळे मिळून गातात ते भजन त्याने धरलं. वरून खडे घरंगळले आणि खांद्यावर पडले. त्याने डोळे मिटून घेतले, पण शीळ थांबवली नाही.

पलीकडची पावलं थांबली.

"काका... हे..."

"गप!" हॅनिबलकाकांनी फटीला कान लावला. मग ते एकदम ओरडले, "अरे, ठकठके कधी शीळ घालतात का? हा माणूस आहे, माणूस! आणि इतका बेसूर म्हणजे आपला जोरीच! बघतोस काय गाढवा, टिकाव आण! सगळ्यांना बोलाव!"

शेवटी त्याला बाहेर ओढून काढलं. कुणी घोंगडी आणली, कुणी ब्रँडी पाजली. बातमी घेऊन किट्टो आईकडे पळाला. हॅनिबलकाका एकाच वेळी हसत होते आणि रडत होते.

"शीळ घातलीस म्हणून वाचलास, लेका! नुसता ठोकत बसला असतास ना, तर आम्ही तुकडा ठेवून घरी गेलो असतो!"

सगळे खो खो हसले. जोरी हसला नाही. तो पलीकडे, उत्तरेच्या बोगद्याकडे पाहत होता. गेल्या हिवाळ्यात तिथेच पास्कोवर दरड कोसळली होती.

"काका," तो म्हणाला, "पास्को नुसताच ठोकत होता."