आधी मरेल त्यानं चहा

"सर, राणीनं आत जाऊनच का मरायचं?"

मैत्रिणींनी डिवचलं होतं, हिंमत असेल तर विचारून दाखव. राणीचा मुकुट घातलेल्या तिनं विचारलं. आता त्या तिघी दासींच्या झग्यांत, खांबाआड तोंड दाबून उभ्या. शाळेच्या सभागृहात शेवटची तालीम, आणि सरांचा पारा आधीच चढलेला.

"शोकांतिका आहे ही. राणी विंगेत प्राण सोडते, दूत येऊन सांगतो. शेकडो वर्षं असंच चाललंय."

"मरते मी आणि पानभर भाषण भोंग्याला?"

दूत झालेला भोंगा खिदळला. "मर ना गं पटकन. घसा सुकलाय."

नाटकमंडळाचा नियमच होता: प्रत्येक अंकात जो आधी मरेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. पहिल्या अंकातच मेलेली राजकन्या आपला चहा उरकून आत कप विसळत होती.

"नियम सगळ्यांना सारखा," सर म्हणाले. "राजाही मरतोच की."

"पडदा पडताना मरतो, सर. तोवर चहा झालेला असतो."

खांबाआड हसू फुटलं. सरांनी संहिता टेबलावर आपटली.

"जीभ फार चालायला लागलीय! जमत नसेल तर मुकुट काढ. दासीला राणी करतो. मरायला काय, कुणीही मरेल."

तिघींतल्या एकीनं हळूच झगा नीट केला, केस मागे घेतले.

ते बघून राणी मुकाट्यानं विंगेत गेली. शेगडीवर चहा उकळला, कपांत ओतून ट्रे उचलला. बाहेर भोंग्यानं आवाज लावला, "राणी गेली! एक शब्दही न बोलता गेली!"

"वा!" सर ओरडले. टाळ्या पडल्या. तिच्या हातातला ट्रे हिंदकळला.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा आईबाबा तिला न्यायला दारात उभे होते.

"मेलीस का वेळेवर?" बाबा हसत म्हणाले. "चल, घरी जाऊ."

"अगं, बाहीवर चहा सांडला!" आई पुढं धावली. "रात्रभर बसून शिवलाय तो झगा. उद्या प्रयोग ना?"

तिनं ट्रे राजाच्या सिंहासनावर ठेवला. मुकुट सारखा केला. आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"आई, बाबा, उद्या अगदी पुढं बसा. मी विंगेत जाणार नाहीये. इथंच मरणार, सगळ्यांसमोर, बोलत बोलत. वेळ लागेल. चहा घरूनच पिऊन या."