चटईसमोरून जाताना

सामोआच्या राजधानीत, आपियातल्या आपल्या घरी बसून फुआतिनो ब्रिस्बेनच्या सामोअन मुलांना फुकटच्या व्हिडिओ-वर्गात घरची भाषा शिकवायची. आजचा धडा होता, बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून वाकून, ‘तुलोउ’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणत जाण्याचा.

एकेक मूल कॅमेऱ्यासमोरून वाकून गेलं.

“शाबास! पण माझ्यासाठी एवढं वाकायला नको गं, लांगी.”

“तुमच्यासाठी नाही, बाई. मागे चटईवर आजोबा बसलेत ना, त्यांच्यासाठी.”

फुआतिनोने वळून पाहिलं. चटई रिकामी होती.

“चावटपणा पुरे! कोणी नाहीये इथे.” ती उठली आणि मुद्दाम ताठ मानेने चटईसमोरून चालत गेली. “बघितलंत?”

पडद्यावर सगळ्या मुलांच्या नजरा चटईवर खिळल्या होत्या. मग त्या सावकाश वर सरकू लागल्या, बसलेला माणूस उठून उभा राहताना सरकतात तशा.