सोबतीचं माणूस

"सोबत कोण आहे?" सिस्टरने मान वर न करता विचारलं.

"मी आहे की." म्हातारीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता.

"मुलगा, सून, कुणी तरुण माणूस नाही?"

"मुलगा पळापळीत दुसऱ्या छावणीत गेला. आता आम्हीच दोघं एकमेकांना. पण मी धडधाकट आहे हो. सत्तरीची वाटते का मी?"

सिस्टरने आता वर पाहिलं. "छे, ऐंशीची वाटता."

म्हातारा खो खो हसला. म्हातारीनेही हसून घेतलं, पण दंड काही सोडला नाही.

गोळीबारामुळे गावं सोडून आलेली माणसं या बंद कारखान्यात राहत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांचं पथक आठवडाभर तिथेच मुक्काम ठोकून मोतीबिंदू काढत होतं. आज ऑपरेशनांचा शेवटचा दिवस. पथकाचा एक नियम होता, आणि तो कडक होता. रुग्णासोबत ज्याला नीट दिसतं असं माणूस हवं, नाहीतर ऑपरेशन नाही. आधीच्या छावणीत दया दाखवून एका एकट्या माणसाचं ऑपरेशन केलं होतं. त्याला औषध घालता येईना, डोळ्यात पू झाला, आणि होता तो उजेडही गेला. त्याचा आक्रोश सिस्टरच्या कानांतून अजून जात नव्हता. म्हणून आज सकाळीच तिने एका आजोबांना परत पाठवलं होतं. त्यांनी हात जोडले, पण ती बधली नाही.

"आजी, तुम्हाला नीट दिसतं ना?"

"मग हा चष्मा काय शोभेला घातलाय?"

जाड काचांचा चष्मा होता, एक काडी दोऱ्याने बांधलेली. सिस्टरला हसू आलं. तरी तिने साध्या पाण्याची बाटली पुढे केली. "थेंब घालून दाखवा."

म्हातारीने हात धुतले. नवऱ्याच्या कपाळावर तळवा टेकवला, अंगठ्याने खालची पापणी ओढली, बाटली बोटाला टेकवून नेमका एक थेंब सोडला. काल एका धट्ट्याकट्ट्या मुलाने अर्धी बाटली बापाच्या नाकात ओतली होती. त्यापुढे हे म्हणजे सोनंच होतं.

"उत्तम," सिस्टर म्हणाली. "आजोबा, नशीबवान आहात."

"दोन वर्षं झाली, ही नेईल तिकडे जातोय," म्हातारा म्हणाला. "पण मला आता बघायचंय तरी काय? हिचंच तोंड ना? ते तर पाठ आहे."

"ऐका यांचं. फुकट मिळतंय तर नखरे." म्हातारीने त्याला कोपर मारलं. मग सिस्टरकडे तोंड करून हळूच म्हणाली, "ह्यांचे डोळे यायलाच हवेत, बाई. माझं काही झालं तर ह्यांना नळापर्यंत कोण नेणार? या विचारानं मला झोप लागत नाही."

सिस्टरने शेवटचं नाव म्हाताऱ्याचं लिहिलं.

ऑपरेशन होईपर्यंत म्हातारी बाहेरच्या बाकावर बसून होती. "छान झालं," असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मात्र ती चष्मा काढून घळाघळा रडली.

त्यानंतर ती नवऱ्याच्या खाटेपासून हलेना. जेवण खाटेवर, झोप खाटेशेजारी. कुठे जायचंच झालं तर भिंतीच्या कडेकडेने जायची आणि तशीच परत यायची.

"आजी, आजोबा पळून नाही जायचे," सिस्टरने चिडवलं.

"ह्यांचा काय नेम," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या सोडायला सुरुवात झाली. पहिल्या खाटेवरच्या बाईला आपली लेक दिसली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. सगळ्या शेडमध्ये गलका उठला. म्हातारीचा जीव थाऱ्यावर नव्हता. "तुमचा नंबर यायला वेळ आहे, तोवर पाणी आणते," म्हणून ती गेली.

पण मधल्या दोघांचं चटकन आटोपलं. सिस्टरने म्हाताऱ्याची पट्टी सोडली, डोळा पुसला आणि हात वर केला. "किती बोटं?"

"दोन. आणि एका नखाला शाई लागलीय."

सिस्टरचा आठवड्याचा शीण तिथल्या तिथे उतरला. म्हाताऱ्याने छत पाहिलं, खिडकी पाहिली, स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "हे माझे? इतके म्हातारे झाले?"

तेवढ्यात पाण्याचा पेला घेऊन ती येताना दिसली. गर्दीतून, एकेका खाटेच्या कडेला हात लावत, जपून पावलं टाकत.

"किती वाळली ही," तो पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले. मग एकदम त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने ओठांवर बोट ठेवलं. "सिस्टर, काही बोलू नका. गंमत करतो."

सिस्टर मान हलवून गुपचूप बाजूला झाली. सोडलेली पट्टी तिच्या हातातच होती.

म्हातारी आली. पेला खाली ठेवून खाटेच्या कडेवर त्याच्या अगदी समोर बसली. म्हाताऱ्याने डोळे मोठे केले, गाल फुगवले आणि नातवाला वाकुल्या दाखवाव्यात तशी लांब जीभ काढली. सिस्टरने हसू दाबायला तोंडावर हात धरला.

म्हातारीने चष्मा नीट केला. त्याच्या तोंडाकडे तोंड करून ती थोडा वेळ बसून राहिली. मग तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, बाकीच्यांच्या सुटल्या वाटतं. तुमची पट्टी सोडायला अजून कुणीच कसं आलं नाही?"