पासंगाचा दगड

"तिथंच थांब पोरी," अंगणातल्या खाटेवरून रूपसिंग म्हणाला. "घरात नको जाऊ. आधी दगड."

मैत्रेयीनं पिशवीतून फडक्यात बांधलेला दगड काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्या मांडीवर ठेवला. पावणेदोन किलोचा काळा दगड, एका अंगानं घासून गुळगुळीत झालेला. ती भूशास्त्र शिकलेली; वणीत खोली घेऊन राहायची आणि दर महिन्याला बंजाऱ्यांच्या या तांड्यावरच्या विहिरींचं पाणी मोजायला यायची. मागच्या खेपेला, ती अभ्यासासाठी कोकणात, पार गोव्याच्या हद्दीपर्यंत जाणार हे ऐकून म्हाताऱ्यानं तो तिच्या हाती दिला होता. समुद्रात बुडवून आण, एवढंच म्हणाला होता.

"बुडवला?"

"हो."

वाटेत तिनं हा शब्द इतक्यांदा घोटला होता, की तो सहज निघाला.

दगड वणीतच राहिला होता, खोलीतल्या टेबलावर. परतताना पिशवीत नमुन्यांना जागा हवी होती. इथलाच काळा पत्थर, समुद्रात बुडवून त्याचं काय होणार, असं निघताना तिला वाटलं होतं. आज सकाळी तिनं भांड्यात एक लिटर पाणी घेतलं, पस्तीस ग्रॅम मीठ मोजून टाकलं, दगड बुडवला आणि उन्हात वाळवला. समुद्रात मीठ तेवढंच असतं.

रूपसिंगनं दगडावरून अंगठा फिरवला. बारक्या खळग्यांत पांढरं साचलं होतं.

"सोनीबाई! ये इकडं. समुद्र पाहून आला हा."

सोनीबाई पिठाच्या हातांनी दारात आली. "मले जनमात वणीच्या बजारापलीकडं नेलं नाई यानं. आन् दगडाले समुद्र दाखवून राह्यला."

"दगडासारखी गप राह्यली असती तं तुलेबी नेलं असतं."

सोनीबाई हसली. मैत्रेयी जरा उशिरानं हसली.

"आता सांग," रूपसिंग म्हणाला. "कसं हाय तिकडं?"

तिनं सांगितलं. शिरोड्याची मिठागरं, वाफ्यात आणलेलं बोटभर पाणी, कडेला मिठाचे ढीग. इंग्रजांच्या वेळी त्या मिठासाठी लोकांनी खाल्लेला मार. रेडीची लोखंडाची लाल माती. आरोंद्याची खाडी, या काठाला महाराष्ट्र आणि त्या काठाला गोवा. आणि तेरेखोलचा किल्ला, खाडीच्या आपल्या बाजूला असून गोव्याचा.

"काहून?"

"पोर्तुगिजांनी घेतला, तो सोडलाच नाही."

"म्हंजे आपल्या पैनगंगेवानी. पल्याड तेलंगण."

"हो. पण खाडीचं पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं, बाबा. समुद्राकडून आत."

"उलटं!" म्हातारा उठूनच बसला. "माहा आजा हेच सांगे. मी म्हणो, बुढा फेकून राह्यला. ऐकलं का सोनीबाई? खरं होतं थे."

यातलं सगळंच खरं होतं. तिनं त्याच्या मांडीवरच्या दगडाकडे पाहिलं.

"बाबा, त्या दगडाचं..."

"थांब. त्याचं तुले सांगतलंच नाई मी." त्यानं दगड दोन्ही हातांत धरला. "पासंग होय हा. बैलाच्या पाठीवर दोन बाजूनं दोन गोण्या. एक हलकी पडली का तिच्यात हा टाकाचा. माह्या पणज्यासंगं, लखीरामसंगं, सतरा येळा मिठासाठी समुद्रावर गेलता. पन काई लबाड मधातल्याच बजारातून मीठ घेऊन परतत, आन् समुद्रावरून आणलं म्हणत. म्हून लखीरामनं रीत पाडली. पासंग समुद्रात बुडवाचा, घरी आणाचा, आन् बायकोनं चाखाचा. समुद्राची चव मागून कडू येते. बजारातल्या मिठाले थे नसते. बायको कडू म्हणे, तवाच माणूस घरात."

मैत्रेयीचं सकाळचं मीठ पाकिटातलं होतं, शुद्ध केलेलं. शुद्ध करताना मिठातून मॅग्नेशियम काढून टाकतात, आणि कडूपणा त्याचाच असतो. हे ती परीक्षेत लिहून आली होती.

"माह्या बापाच्या वक्ती रेल्वेनं मीठ आलं, आन् हा कोनाड्यात पडला," रूपसिंग म्हणाला. "माहे पाय आता बजारापर्यंतबी जात नाई. म्हणलं, मी मराच्या आधी यानं तरी अजून एकदा जाऊन यावं." त्यानं दगड सोनीबाईपुढं धरला. "घे. चाख."

सोनीबाईनं हात पदराला पुसले. दगड उचलून तिनं एका खळग्याला जीभ लावली आणि थांबली. रूपसिंग तिच्या तोंडाकडे बघत होता. मैत्रेयीला तिच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. चुलीशेजारी फळीवर मिठाचं पाकीट होतं. वणीच्या खोलीत होतं, तसंच.

सोनीबाईनं जीभ पुन्हा एकदा टेकवली. मग तिनं मैत्रेयीकडे पाहिलं.

"आजी, मी..."

"कडू हाय," सोनीबाई नवऱ्याला म्हणाली. "जहर कडू."

रूपसिंगनं डोळे मिटून घेतले. "पोचला," तो म्हणाला. "जाऊन आला."

सोनीबाईनं दगड पदरानं पुसला, खळग्यांतलं पांढरंसुद्धा. मग ती दारातून बाजूला झाली.

"ये नं मंग," ती म्हणाली. "घरात ये."

मैत्रेयी बूट काढायला वाकली. शिवणीत रेडीची लाल माती अजून होती. दोन्ही नाड्या सुटल्या, तरी ती वाकलेलीच राहिली.